सुकन्या आणि तिच्या बहिणी: नौदलाच्या वयस्क गस्तीनौकांबद्दल

दर्यावर्दी (धागाकर्ता)

मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातलं 'रुएन' हे मालवाहू जहाज आपल्या नौदलानं सोडवलं. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. बातम्यांत झळकल्या त्या दोन गोष्टी: 'कोलकाता' ही विनाशिका आणि सी-१७ विमानातून समुद्रात उडी घेणारे मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो. त्याच बातमीत खाली कुठेतरी आणखी एक नाव होतं, आयएनएस सुभद्रा. कोलकाता साधारण साडेसात हजार टनांची, सुभद्रा दोन हजारांच्याही आत. आणि वय? सुभद्रा नौदलात आली १९९० च्या जानेवारीत. म्हणजे त्या दिवशी बाई ३४ वर्षांच्या होत्या.

तेव्हापासून या बहिणींबद्दल लिहायचं डोक्यात होतं. आज मुहूर्त लागला.

एकूण सात जणी. सुकन्या थोरली, ऑगस्ट १९८९ ची. मग सुभद्रा, सुवर्णा, सावित्री, सरयू, शारदा आणि शेंडेफळ सुजाता (१९९३). सुकन्या, सुभद्रा आणि सुवर्णा यांचं माहेर दक्षिण कोरियातलं मासान, कोरिया टॅकोमाची गोदी. उरलेल्या चौघी विशाखापट्टणमला हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधल्या. आपण सहसा 'शरयू' म्हणतो, पण जहाजाचं नाव 'सरयू'च. ही सरयू पुढे सासरी गेली. त्यावर कोणी लिहिलं तर आवडेल, मला तुटकच माहिती आहे.

आता शरीरयष्टी. लांबी १०० मीटरच्या थोडी वर, दोन पिएलस्टिक डिझेल एंजिनं, वेग जास्तीत जास्त २१ नॉट. मागच्या डेकवर एक चेतक हेलिकॉप्टर. आणि शस्त्रं म्हणाल तर पुढे एक ४० मिमीची बोफोर्स आणि काही मशीनगन. संपलं. (बोफोर्स म्हटलं की आपल्याला १९८७ आठवतं. ती हॉवित्झर वेगळी. या ४० मिमी तोफेचा मूळ आराखडा १९३० च्या दशकातला, दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी वापरलेली.) बांधणी मात्र पूर्ण युद्धनौकेच्या मानकांची. म्हणजे वेळ पडली तर जास्त हत्यारं चढवता येतील इतकी जागा आणि ताकद. घर तीन बेडरूमचं बांधायचं आणि फर्निचर म्हणून एक खाट टाकायची, तसा प्रकार.

गंमत अशी की हत्यार कमी म्हणून ही जहाजं कमी कामाची ठरली नाहीत, उलट झालं. शांततेच्या काळात नौदलाचं जे रोजचं काम असतं, ते सगळं यांच्या गळ्यात पडलं.

जानेवारी १९९३: एलटीटीईचा नेता किट्टू ज्या 'अहत' जहाजावर होता ते अडवण्याच्या कारवाईत सावित्री होती.

डिसेंबर २००४: सुनामीनंतर श्रीलंकेच्या मदतीला धावलेल्या जहाजांत शारदा.

नोव्हेंबर २०११: एडनच्या आखातात सुकन्या व्यापारी जहाजांच्या ताफ्याला सोबत करत होती. पाच होड्यांतून चाचे चालून आले. तिनं हल्ला मोडला आणि २६ जणांना पकडलं.

एप्रिल २०२१: अरबी समुद्रात सुवर्णानं एका मासेमारी बोटीची झडती घेतली तर ३०० किलोवर अमली पदार्थ निघाले. बाजारभाव ३,००० कोटी रुपयांचा सांगितला गेला.

सप्टेंबर २०२१: कोविडच्या काळात सावित्री ऑक्सिजन प्लांट घेऊन चितगावला.

फेब्रुवारी २०२४: शारदानं 'ओमारी' ही इराणी मासेमारी नौका सोडवली. त्यावर ११ इराणी आणि ८ पाकिस्तानी खलाशी होते. पाकिस्तानी खलाशांना भारतीय नौदलानं सोडवलं ही बातमी आपल्याकडे दोन दिवस चालली, जहाजाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

माझी सगळ्यात आवडती नोंद मात्र २०१४ ची आहे. ४ डिसेंबरला मालदीवची राजधानी मालेमध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीत आग लागली. त्या बेटावर नदी नाही, सगळं शहर समुद्राचं पाणी गोडं करून पितं. एका दिवसात राजधानी तहानलेली. सुकन्या गस्तीवर होती, तिला तिकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी ती ३५ टन पाणी घेऊन मालेला हजर, वर स्वतःच्या दोन आरओ प्लांटवर रोज २० टन बनवून द्यायची तयारी. हजार टनांच्या आसपास पाणी घेऊन 'दीपक' हे मोठं जहाज मागाहून आलं. पण समुद्रमार्गे आलेला पहिला घोट सुकन्याचा.

ज्यांनी ही जहाजं जवळून पाहिलीत त्यांनी लिहा.

---

खारावारा

उत्तम धागा. एक बाळबोध शंका. गस्त घालायला तटरक्षक दल आहे ना? मग नौदलाला वेगळ्या गस्तीनौका कशाला?

---

दर्यावर्दी

@खारावारा, बाळबोध अजिबात नाही, यावर नौदलातही वाद झाले असणार.

१९७६ च्या कायद्यानं आपलं अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत गेलं. एकदम २० लाख चौरस किलोमीटर पाण्याची मालकी आली. त्यात मुंबई हायचं तेल नुकतंच सापडलं होतं, किनाऱ्यापासून दीडएकशे किलोमीटर आत. तटरक्षक दल झालं १९७७-७८ मध्ये, म्हणजे तेव्हा पोर पाळण्यात. त्यांच्या पहिल्या मोठ्या गस्तीनौका, विक्रम वर्गाच्या, १९८३ पासून माझगाव गोदीतून येऊ लागल्या. त्या याहून बऱ्याच लहान.

दुसरं कारण खर्चाचं. गॅस टर्बाइनवाली फ्रिगेट चार होड्यांच्या मागे पळवणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं. डिझेलवर चालणारं, १५ नॉटच्या चालीनं पाच हजार मैलांहून जास्त जाणारं जहाज आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवता येतं. एडनच्या आखातात २००८ पासून हेच लागलं. तिथे क्षेपणास्त्र कुणावर सोडणार? लागतं ते हेलिकॉप्टर, एक जलद बोट, बोर्डिंग पार्टी (समोरच्या जहाजावर चढून झडती घेणारी तुकडी) आणि धीर.

---

चांदणी_रात

+१. मालेचा किस्सा माहीत नव्हता. वाचतेय.

---

एंजिनरूम_काका

बऱ्याच वर्षांनी या जहाजांची नावं एका जागी वाचली. मी यांतल्याच एकीच्या एंजिनरूममध्ये चार वर्षं काढलीत. कोणती ते लिहीत नाही, जुने सोबती वाचत असतील तर बरोबर ओळखतील.

दर्यावर्दी, तुम्ही जहाजाचं वय वर्षांत मोजलंत. आम्ही तसं मोजत नाही.

लोकांना वाटतं जहाज म्हातारं झालं म्हणजे एंजिन थकलं. एंजिन सगळ्यात शेवटी थकतं. त्याचे तास मोजलेले असतात. ठरल्या तासांना पिस्टन, लायनर, बेअरिंग उघडून बघायचं, बदलायचं, परत बसवायचं. शिवाय पिएलस्टिकचं एक बरं झालं, हे घराणं नौदलात टिकून राहिलं. नंतर आलेल्या, नव्या सरयूच्या वर्गातल्या गस्तीनौकांवर आणि कामोर्ता वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौकांवर त्याच पीए६ जातीची नवी एंजिनं आहेत. त्यामुळे हात बसलेली माणसं मिळत राहिली. जहाजाच्या म्हातारपणात माणसं मिळणं हे सुट्या भागांहून मोठं असतं.

म्हाताऱ्या होतात त्या पाइपलाइनी. एंजिन थंड करायला समुद्राचं पाणी फिरतं ना, त्या. जिथे पाइप वळतो तिथे पाणी आतून घासत राहतं. बाहेरून रंग चकचकीत, आत कागदाएवढा पत्रा. मग रात्री दोनच्या वॉचला टाचणीएवढ्या भोकातून फवारा सुरू होतो, आणि तो नेमका बिजलीच्या पॅनलकडे तोंड करून असतो. हा समुद्राचा नियमच आहे. आधी रबराची पट्टी आणि क्लँप. तो धरेना तर भोवती लाकडी पेटी ठोकायची आणि त्यात सिमेंट ओतायचं. याला सिमेंट बॉक्स म्हणतात. युद्धनौकेच्या पोटात गवंडीकाम! बंदरात पोचेपर्यंत तो टिकला की झालं. आमच्या एका पेटीवर कुणीतरी खडूनं 'गृहप्रवेश' म्हणून तारीख लिहिली होती.

दुसरं, बुडाचा पत्रा. ड्राय डॉकमध्ये अल्ट्रासॉनिक यंत्र घेऊन माणूस प्लेटमागून प्लेट तपासत जातो आणि आकडा खडूनं तिथेच लिहितो. जिथे जाडी फार उतरली तिथे गोल. ते गोल मोजत उभं राहायचं. थोडे असले तर जहाज वेळेत बाहेर, खूप असले तर तेवढ्या प्लेटी कापून नव्या. रिफिट, म्हणजे मोठी दुरुस्ती, लांबलं म्हणजे आमच्या लग्नांच्या तारखा लांबल्या.

तिसरं कुणी लिहीत नाही ते लिहितो. जहाज वयानं जड होतं. खरंच. वर्षानुवर्षं रंगावर रंग, नवी केबल टाकताना जुनी तशीच ठेवलेली, नवा रडार, नवी कपाटं. चिपिंग करून, म्हणजे ठोकून-खरवडून, रंग काढायचा तो फक्त गंजासाठी नाही, वजनासाठीसुद्धा.

आणि बहिणी असण्याचा फायदा म्हणजे उसनवारी. एक गोदीत उभी असेल तर तिचा पंप दुसरीला. कागदावर याला भारदस्त इंग्रजी शब्द आहे, आम्ही 'शेजारून विरजण आणलं' म्हणायचो.

मालेच्या त्या २० टन पाण्याबद्दल. ज्यांनी अर्धा तास नळ सुटण्याच्या वेळेवर बादली धरून अंघोळ केली आहे त्यांनाच विचारा रोज २० टन गोडं पाणी दुसऱ्याला द्यायचं म्हणजे काय. जहाजावर शंभराहून जास्त माणसं असतात.

---

खारावारा

काका, साष्टांग नमस्कार. 'गृहप्रवेश' वाचून ऑफिसात हसलो. अजून लिहा.

---

अग्निबाण

धागा छान, पण दर्यावर्दी, लग्नाच्या पंगतीत जिलबीच वाढायची राहिली. धनुष कुठे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पृथ्वी क्षेपणास्त्राची नौदलासाठी केलेली आवृत्ती म्हणजे धनुष. साडेआठ मीटर लांब, साडेचार टनांच्या आसपास वजन, पल्ला ३५० किमीपर्यंत. अण्वस्त्र वाहू शकणारं. ते कुठून उडवलं? विनाशिकेवरून नाही, फ्रिगेटवरून नाही. ११ एप्रिल २००० रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ सुभद्राच्या हेलिकॉप्टर डेकवरून. ती पहिली चाचणी फसली. पण पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००१ मध्ये, जमली. नंतर सुवर्णालाही तसंच तयार केलं, मार्च २०११ ची चाचणी सुवर्णावरून झाली.

चेतक जिथे उतरतं तिथे हायड्रॉलिकनं स्थिर राहणारा चौथरा बसवला. जहाज हललं तरी क्षेपणास्त्र उभं राहिलं पाहिजे. म्हणजे ज्या नौकेवर पुढे १९३० च्या दशकातली तोफ, तिच्याच पाठीवर बॅलिस्टिक क्षेपणास्त्र! तुम्ही तीन बेडरूम आणि एक खाट म्हणालात. त्याच घराच्या गच्चीत हे.

---

दर्यावर्दी

@अग्निबाण, कबूल. मुद्दाम सोडलं होतं. धनुषचा विषय निघाला की धागा क्षेपणास्त्रांचा होतो आणि जहाज बाजूला राहतं. बघा, आता होणारच.

---

तर्कट

होऊ द्या. मला तो सगळा प्रकारच अनाकलनीय वाटत आला आहे. ३५० किमी पल्ला म्हणजे शत्रूच्या किनाऱ्याच्या तितकं जवळ जायचं. २१ नॉटच्या जहाजानं, एका बोफोर्सच्या भरवशावर. विमानांपासून बचावाला काही नाही. त्यात इंधन द्रवरूप, ते जाळायला लागणारा ऑक्सिडायझर नायट्रिक आम्लाच्या जातीचा. तो जहाजावर बाळगायचा? याला प्रतिबंधक शक्ती म्हणायचं की आत्महत्येची पूर्वतयारी?

---

अग्निबाण

तर्कट, युद्धाची योजना म्हणून तुमचं बरोबर. पण २००० साल आठवा. पोखरणला दोनच वर्षं झाली होती, अरिहंत या आपल्या अणुपाणबुडीचं जलावतरण व्हायला (२००९) अजून नऊ वर्षं होती. हलत्या डेकवरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सोडता येतं का, समुद्रात दिशादर्शन कसं करायचं, हे कुठेतरी शिकायला हवं होतं. शिकायला जहाज कोणतं देणार? ज्याच्या मागे मोठं सपाट डेक आहे आणि जे वर्षभर अडवून ठेवलं तर ताफ्याचं फार अडत नाही असं. सुभद्रा ही प्रयोगशाळा होती.

---

एंजिनरूम_काका

त्या आम्लाबद्दल तर्कट बरोबर बोलतायत. मी त्या जहाजांवर त्या काळात नव्हतो, त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही. पण हेलिकॉप्टर डेक अडला म्हणजे गस्तीनौकेचे डोळे गेले, एवढं सांगतो. चेतक वर गेलं की जिथवर बघायला जहाजाला तास लागले असते तिथवर ते काही मिनिटांत बघून येतं. त्यामुळे 'ताफ्याचं अडत नाही' हे साहेब लोकांचं गणित. जहाजावरच्या माणसाला विचाराल तर त्याचं अडतंच.

---

तर्कट

काकांनी मधला मार्ग काढून दोघांनाही मारलं. थांबतो.

---

सिंहलद्वीप

सरयूबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. श्रीलंकेत नोकरीनिमित्त काही वर्षं होतो, तेव्हापासून यात रस.

सरयू १९९१ मध्ये आपल्या नौदलात आली आणि जेमतेम नऊ वर्षांनी, डिसेंबर २००० मध्ये, श्रीलंकेला दिली गेली. तिथे तिचं नाव ठेवलं 'सयुर', क्रमांक पी-६२०. सिंहली भाषेत सयुर म्हणजे समुद्र. आपली नदी तिकडे जाऊन समुद्र झाली. नाव ठेवणाऱ्यानं ठरवून केलं की आपसूक झालं देव जाणे, पण इतकं चपखल नामांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि सातही बहिणींत खरं युद्ध पाहिलं ते हिनंच. एलटीटीईचा शस्त्रपुरवठा समुद्रातून चालायचा. मोठी जहाजं किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर उभी राहायची, तरंगती गोदामंच ती, आणि तिथून लहान बोटी माल आणायच्या. श्रीलंकेच्या नौदलाकडे मुख्यतः किनाऱ्यालगतच्या लढाईच्या छोट्या वेगवान बोटी. इतक्या लांब जाऊन टिकणारी जहाजं मोजकी, त्यांत आपली सयुर, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलानं वापरून झालेली 'समुदुर'. म्हणजे एक भारताची जुनी, एक अमेरिकेची त्याहून जुनी.

सप्टेंबर २००७ मध्ये अशी तीन गोदामं बुडवली, ऑक्टोबरमध्ये आणखी एक, पार खोल हिंदी महासागरात. सयुर त्या मोहिमांत होती. तिथवर पोचून परत येणं हाच अर्धा पराक्रम होता. दर्यावर्दींनी वर डिझेल आणि पल्ल्याचा हिशोब मांडलाय ना, तो तिकडे कामी आला. २००९ मध्ये एलटीटीई संपली त्यात या रसद तोडण्याचा वाटा मोठा होता, असं तिथले लोक मानतात.

---

चांदणी_रात

नदी समुद्र झाली! काटा आला अंगावर.

एक विचारू का? ३५ वर्षं जुनी जहाजं अजून वापरायची वेळ का यावी? नवी बांधली नाहीत का?

---

दर्यावर्दी

@सिंहलद्वीप, दंडवत. हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी झालाय.

@चांदणी_रात, बांधली, पण पुरेशी नाही. गोवा शिपयार्डनं चार नव्या दिल्या: सरयू (जानेवारी २०१३), सुनयना, सुमेधा आणि सुमित्रा. १०५ मीटर लांब, पुढे ७६ मिमीची खरीखुरी तोफ, वेग २५ नॉट. २०१५ मध्ये येमेनमधून आपली माणसं काढताना एडन बंदरात पहिली घुसली ती सुमित्राच. त्यापाठोपाठ पाच नौकांचं कंत्राट २०११ मध्ये पिपावावच्या खासगी गोदीला दिलं. दोघींचं जलावतरण व्हायला २०१७ उजाडलं, आणि एकही नौका हाती न येता २०२० मध्ये कंत्राट रद्द झालं. ती नऊ वर्षं कोणी भरून काढली? याच बहिणींनी. त्यांचं निम्मं म्हातारपण त्या पाच न आलेल्या जहाजांच्या जागी गेलं असं माझं मत आहे, आणि मी त्यावर भांडायला तयार आहे.

मार्च २०२३ मध्ये पुन्हा ११ नव्या पिढीच्या गस्तीनौकांचे करार झाले, सात गोव्याला, चार कोलकात्याला, एकूण ९,७८१ कोटी रुपयांचे.

---

एंजिनरूम_काका

भांडायला कोणी येणार नाही, दर्यावर्दी. गोदीत सगळ्यांचं तेच मत आहे.

सुजाताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून एक ओळ. ती कोचीला पहिल्या प्रशिक्षण पथकात असते. ट्रेनी अधिकाऱ्यांना पहिल्यांदा समुद्र दाखवणारी जी जहाजं, त्यांत ती एक. पुढे विनाशिकांचे कप्तान झालेल्या किती जणांना पहिली ओकारी तिच्या रेलिंगवर झाली असेल, हा हिशोब नौदलानं ठेवलेला नाही.

---

अग्निबाण

काका 😂

---

खारावारा

शेवटची शंका. दर्यावर्दींच्या यादीत दोन सरयू झाल्या. श्रीलंकेला गेलेली आणि गोव्याची. गोंधळ होत नाही?

---

सिंहलद्वीप

नाही, कारण पहिली सयुर झाल्यावर नाव मोकळं झालं. नौदल जुन्या जहाजाचं नाव नव्याला देतंच. इथे तर त्यांनी क्रमांकही तोच दिला. सुकन्या पी-५० पासून सुजाता पी-५६ पर्यंतच्या ओळीत पी-५४ तेवढा रिकामा पडला होता. गोव्याच्या सरयूच्या अंगावर आज तोच पी-५४ आहे.

---

एंजिनरूम_काका

रंगवणाऱ्याचा साचा वाया गेला नाही म्हणायचा.